चेंडू आणतो, पण सोडत नाही: आधी त्याचा हिशेब समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुत्रा दीड वर्षाचा, लॅब्राडॉर-मिश्र. चेंडू फेकला की जीव तोडून धावतो, उचलतो, परतही येतो, पण तुमच्यापासून चार पावलांवर थांबतो. तुम्ही हात पुढे केला की मान वळवून पसार. कसाबसा पकडलात तर जबडा इतका घट्ट मिटतो की बोटं घालून चेंडू काढावा लागतो. ‘सोड’ म्हणून ओरडून झालं, आमिष दाखवून झालं. आता घरात सगळ्यांचं मत पडलंय की हा हट्टी आहे आणि नाकावर एक चापट बसली की सुधारेल.

चापट मारू नका. का, ते पुढे येईलच. आधी ‘हट्टी’ हा शिक्का बाजूला ठेवू, कारण तो एकदा मारला की विचार तिथेच थांबतो.

तुमच्या कुत्र्याच्या बाजूने पाहा. तो चेंडू घेऊन जवळ आला की काय होतं? चेंडू हातातून जातो. बऱ्याचदा खेळाच्या शेवटी हेच होतं: तुम्ही चेंडू काढून घेता, खिशात टाकता, पट्टा लावता आणि घरी निघता. आणि तो जवळ आला नाही तर? तुम्ही त्याच्या मागे धावता, म्हणजे दुसरा खेळ सुरू, तोही फुकटात. हे त्याने रोज अनुभवलंय. चेंडू दिला की मजा संपते, नाही दिला की वाढते. यातून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. आपल्याला कुत्रा बदलायचा नाही, हा हिशेब उलटा करायचाय: सोडलं की खेळ सुरू होतो, धरून ठेवलं की खेळ गोठतो. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, तो जवळ येत नाही. दोन, तोंड उघडत नाही. बहुतेक लोक हे दोन्ही मैदानात, कुत्रा पूर्ण चेकाळलेला असताना, एकदमच सोडवायला जातात. मी उलट्या टोकाने सुरू करतो: आधी घरात, काहीही न फेकता, फक्त तोंड उघडण्याचं काम. ते पक्कं झालं की मगच अंतर आणि धावणं.

पण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट तपासावी लागेल, कारण ती तुमच्या प्रश्नावरून मला ठरवता येत नाही. तो चेंडू खेळ म्हणून घट्ट धरतो की राखतो? खेळणारा कुत्रा अंगाने सैल असतो. कंबर हलते, पुढचे पाय खाली टाकून मागचा भाग वर करतो, चेंडू घेऊन गोल फिरतो, तुमच्याकडे पाहतो, ‘ये ना मागे’ असं त्याचं सगळं अंग सांगत असतं. राखणारा कुत्रा तुम्ही जवळ गेलात की गोठतो. मान चेंडूवर झुकते, अंग ताठ होतं, डोकं न हलवता फक्त डोळे तुमच्याकडे वळतात आणि डोळ्यांच्या कडेची पांढरी कोर दिसते. ओठ किंचित आवळले जातात, पुढे गुरगुरणं. अशी चिन्हं दिसत असतील तर खाली दिलेलं काहीही एकट्याने करून पाहू नका. वर्तनाचं काम करणारा जाणकार प्रत्यक्ष घरी बोलवा आणि तोवर त्याच्या तोंडातल्या वस्तूला हात लावू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. चार पावलांवर थांबून पुन्हा पळतो, एवढ्या वर्णनावरून तुमचा कुत्रा पहिल्या प्रकारातला वाटतो. तरी खात्री तुम्हीच करायची.

तोंड दुखतंय का, हेही पाहून घ्या. दीड वर्षाच्या कुत्र्याचे ४२ कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे पिल्लांच्या दात येण्याच्या काळातली शिवशिव इथे नाही. पण तुटलेला दात किंवा हिरडीत अडकलेली काडी असली तर ओढताना दुखतं आणि दुखलं की कुत्रा जबडा आणखी आवळतो किंवा हात दिसताच दूर होतो. चेंडूवर रक्ताचा डाग दिसला, किंवा तो एकाच बाजूने चावायला लागला असेल, तर आधी पशुवैद्याकडे जा, शिकवणं नंतर.

जातीचाही भाग आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर शिकार केलेला पक्षी हळुवार तोंडाने उचलून आणण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडले गेले. तोंडात काहीतरी बाळगणं हेच त्यांचं सुख असतं. टेरियर वंशाची कुत्री पकडून झटकण्यासाठी निवडली गेली, त्यांना वस्तू ओढली गेली की जास्तच चढतं. तुमच्याकडचा मिश्र आहे, त्यामुळे कुठला वारसा किती आलाय हे त्याच्या खेळण्यातूनच कळेल. वारसा कुठलाही असो, पद्धत तीच राहते, फक्त बक्षीस वेगळं चालतं.

आता मूळ काम. यासाठी चेंडू बाजूला ठेवा आणि लांब दोरीसारखं खेळणं घ्या, ज्याचं एक टोक तुमच्या हातात आणि दुसरं त्याच्या तोंडात राहू शकेल. चेंडू एकदा तोंडात गेला की तुमच्या हातात काहीच उरत नाही, दोरीचं तसं नाही.

घरातल्या शांत खोलीत त्याला दोरी धरू द्या आणि थोडी रस्सीखेच खेळा. हो, मुद्दाम. रस्सीखेच खेळल्याने कुत्रा डोक्यावर बसतो, त्याला कधी जिंकू द्यायचं नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी २००२ साली १४ गोल्डन रिट्रीव्हरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कुत्र्यांना कधी जिंकवलं, कधी हरवलं, पण जिंकल्यामुळे ती माणसावर वरचढ व्हायला लागली असं दिसलं नाही. माझाही अनुभव हाच आहे की नियम असलेली रस्सीखेच हे सोडायला शिकवण्याचं सगळ्यात चांगलं साधन आहे.

थोडं खेचून झालं की तुम्ही थांबा. नुसतं खेचणं थांबवणं पुरत नाही, खेळणं मेलं पाहिजे. दोन्ही हातांनी दोरी त्याच्या तोंडाजवळ धरा, हात आपल्या मांडीला टेकवा, कोपरं अंगाशी घट्ट आणि स्तब्ध उभे राहा. बोलू नका, त्याच्या डोळ्यांत पाहू नका. तो खेचेल, झटका देईल, कदाचित भुंकायचाही प्रयत्न करेल. तुमचा हात एक इंचही हलला तर खेळणं जिवंत आहे असा त्याचा समज होतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. लोक नेमके इथेच चुकतात: थांबलोय असं त्यांना वाटतं, पण हात किंचित मागे ओढत असतो. ओढलं की कुत्रा उलट ओढतो. त्यात त्याचा हट्ट नाही, अंगावर ताण आला की उलट दिशेने जोर लावणं हे आपसूक होतं.

मग तो क्षण येतो, आणि तो ओळखायला शिका. आधी खेचण्याचा जोर कमी होतो. मग तोंडाच्या कोपऱ्यातला ओठ ढिला पडतो, जीभ दोरीखालून हलते, जबडा पकड बदलण्यासाठी जरासा उघडतो. पूर्ण सोडेपर्यंत पहिल्या दिवशी वाट पाहू नका. दोरीवरचा दाब गेला की लगेच, त्याच सेकंदाला, ‘शाब्बास’ म्हणा आणि दोरी पुन्हा जिवंत करा: जमिनीवरून सरसर ओढा, त्याला पकडू द्या, खेळा. सोडल्याचं बक्षीस म्हणून खाऊ नाही, खेळच. कुत्र्याला जे सगळ्यात जास्त हवंय तेच त्याच्या हातून घडलेल्या कमी आवडीच्या गोष्टीचं बक्षीस होऊ शकतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये हा नियम मांडला आणि कुत्रे शिकवणारे आम्ही सगळे रोज त्याच्यावरच जगतो.

सुरुवातीला हे फार लांबतं. वाट पाहताना तुम्हाला वाटेल की हा कधीच सोडणार नाही, आणि नेमकं सोडण्याआधी तो सगळ्यात जोरात खेचेल. जी युक्ती आजवर चालत होती ती चालेनाशी झाली की कुठलाही प्राणी आधी तीच दुप्पट जोराने करून पाहतो. त्या वेळी तुम्ही हार मानून ओढलंत तर त्याला ‘आणखी जोरात खेचायचं’ एवढंच कळलं. तग धरा. काही फेऱ्यांतच वाट पाहण्याचा वेळ झरझर कमी होतो, आणि एक वेळ अशी येते की तुमचे हात मांडीला लागताच तो सोडतो आणि मागे सरकून तुमच्याकडे बघतो. तो बघणारा चेहरा म्हणजे धडा समजल्याची खूण.

शब्द तेव्हा आणायचा, आधी नाही. लोक पहिल्या दिवसापासून ‘सोड, सोड, सोड’ सुरू करतात आणि कुत्र्याच्या लेखी तो शब्द झटापटीची पार्श्वभूमी होऊन बसतो. तुमच्या घरातला ‘सोड’ तर चेंडू हिसकावण्याशी इतका जोडला गेलाय की तो ऐकूनच त्याचा जबडा आवळत असेल. तो शब्द टाकून द्या. ‘दे’ घ्या, किंवा आजवर त्याच्यावर कधी न ओरडलेला दुसरा कुठलाही छोटा शब्द. क्रम मात्र काटेकोर: आधी शब्द, साध्या आवाजात, एकदाच. मग एक सेकंद थांबा. मग हात मांडीला लावून खेळणं मारा. शब्द आणि हात एकाच वेळी हलले तर कुत्रा हाताकडेच लक्ष देतो आणि शब्द वाया जातो. शब्द आधी आला तरच तो पुढच्या घटनेची सूचना बनतो. काही दिवसांत तुम्ही ‘दे’ म्हणाल आणि हात हलायच्या आत तोंड उघडेल.

खाऊ कधी वापरायचा? कुत्रा खेळण्यावर फार चढलेला नसेल, किंवा मेलेल्या खेळण्यासमोर तो नुसता चघळत बसत असेल, तेव्हा. पण तुम्ही ‘आमिष दाखवून झालं’ म्हणता, त्यात अडचण कुठे आहे ते माझ्या लक्षात येतंय. खाऊ आधी दाखवला की कुत्रा सौदा करायला शिकतो: हात रिकामा दिसला तर देणार नाही. म्हणून खाऊ लपलेला हवा, खिशात किंवा पाठीमागच्या टेबलावर. ‘दे’, एक सेकंद, मग हात नाकाशी. तो सोडेल, खाईल, आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: खेळणं त्याला परत द्या. लोक नेमकं हेच विसरतात. खाऊ देऊन खेळणं कायमचं काढून घेतलं तर पुढच्या वेळी तो खाऊ पाहूनच पळेल. दहा वेळांपैकी नऊ वेळा वस्तू परत मिळते असा त्याचा अनुभव झाला की सोडण्यात त्याला धोका वाटत नाही.

आणि कुत्र्याने खाऊ तोंडात घेऊन थुंकला, किंवा त्याकडे पाहिलंच नाही, तर त्याला भूक नाही असं समजू नका. तो त्या वेळी फार उत्तेजित आहे, त्याच्या डोक्यात जेवणाला जागाच नाही. जागा शांत करा, खेळ थोडा मंद करा आणि मग पुन्हा या.

घरातलं काम पक्कं झालं की बाहेर या, पण एकदम मोकळ्या मैदानात नको. मधली पायरी म्हणजे दोन अगदी सारखे चेंडू. एक फेका. तो घेऊन परत येताना दुसरा तुमच्या हातात दिसू द्या, उचला, हातातल्या हातात झुलवा, त्याला तोच जास्त मजेदार वाटला पाहिजे. पहिला तोंडातून पडला की लगेच दुसरा फेका, विरुद्ध दिशेला. पडलेला उचलायला घाई करू नका, तो दुसऱ्यामागे धावेल तेव्हा उचला. चेंडू पडायच्या नेमक्या आधी ‘दे’ म्हणायला लागा. हा डाव कुत्र्यांना फार आवडतो, कारण त्यात त्यांना कधी रिकामं राहावं लागत नाही.

आता पहिला प्रश्न, जवळ न येण्याचा. इथे माझ्या पद्धतीतला सगळ्यात मोठा बदल सोपा आहे, पण लोकांना जड जातो: तो आला की चेंडूला हात लावू नका. तुम्ही बसता, अंग थोडं तिरकं करता, तो जवळ येतो, चेंडू तोंडातच आहे, आणि तुम्ही त्याच्या छातीवर, खांद्यावर हात फिरवता, कौतुक करता, ‘काय छान आणलंस’ म्हणता. चेंडूसकट. मागत नाही. एक-दोन मिनिटं तो चेंडू तोंडात घेऊन तुमच्या अंगाला टेकून उभा राहिला तर फार मोठी गोष्ट झाली. पळणाऱ्या कुत्र्याला तुमच्या हाताची भीती आहे, कारण तो हात कायम चेंडूकडे येतो. तो हात कधीकधी नुसता पाठ खाजवायला येतो हे कळलं की चार पावलांचं अंतर आपोआप घटतं.

त्याच्याकडे चालत जाऊ नका, उलट चाला. तो थांबला की तुम्ही पाठ करा आणि दोन-चार पावलं लगबगीने दूर जा, आवाज करा, जमिनीवर काहीतरी रोचक सापडल्यासारखं वाका. पाठलागाचा खेळ त्याला आवडतोच ना, मग तो तुमच्या मागे येईल असा खेळा.

या काळात पाच ते आठ मीटरची लांब दोरी लावा, गळपट्ट्याला नव्हे, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला. दोरी ओढण्यासाठी नाही, पळून जाण्याचा पर्याय बंद करण्यासाठी. पळून जाणं एकदा जरी यशस्वी झालं तरी ते पुन्हा पक्कं होतं, त्यामुळे शिकण्याच्या काळात त्याला तशी संधीच मिळू नये. दोरी हातातून जोरात सरकली तर तळवा भाजतो, म्हणून हातमोजे घाला आणि दोरी बोटांभोवती गुंडाळू नका.

इथवरचं थोडक्यात: आधी घरात दोरीवर तोंड उघडणं, मग त्याला शब्द, मग दोन चेंडूंचा डाव, आणि बाहेर लांब दोरीवर जवळ येणं, चेंडू न मागता. प्रत्येक पायरी कुठल्याही खटपटीशिवाय जमायला लागल्याशिवाय पुढची घेऊ नका. बाहेर बिघडलं तर घरात परत या, त्यात काही कमीपणा नाही.

आता ती चापट, आणि तिच्यासोबत बोटांनी जबडा फाकवणं, ओठ दातांवर दाबणं, कान पिळणं, गळपट्टा धरून वर उचलणं. हे सगळं कधीकधी त्या क्षणी काम करतं, म्हणूनच लोक सांगतात. पण कुत्र्याने शिकलेली गोष्ट ‘सोडावं’ ही नसते. तो शिकतो की तोंडात काही असताना माणूस जवळ आला तर त्रास होतो. त्यावर त्याच्याकडे तीन उपाय असतात: आणखी लांब पळणं, घाईने गिळून टाकणं, किंवा दात दाखवणं. मोजे आणि दगड गिळून शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्या कुत्र्यांच्या घरी मी गेलोय, आणि तिथे तोंडात बोटं घालून वस्तू काढण्याची सवय हमखास सापडते. गुरगुरण्याबद्दल मारलं तर आणखी वाईट, कारण गुरगुर हा इशारा आहे. तो बंद झाला की पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय चावा येतो.

खरंच धोकादायक वस्तू तोंडात असेल तेव्हा पाठलाग करू नका. मूठभर खाऊ जमिनीवर पसरून टाका, दाराची घंटा वाजवा, फिरायला जायचा पट्टा खुळखुळवा, आणि तो वस्तू टाकून आला की त्याला त्या दिशेपासून दूर न्या. हे शिकवणं नाही, जीव वाचवणं आहे, त्यामुळे इथे सौद्याची काळजी करू नका.

साधनांबद्दल थोडं. चेंडू घशात अडकणार नाही एवढा मोठा हवा. टेनिसचा चेंडू वापरत असाल तर रोज तासन्‌तास चघळायला देऊ नका, त्याच्या केसाळ आवरणात माती बसते आणि दात हळूहळू झिजतात. काठी तर फेकूच नका, टोक घशात घुसून होणाऱ्या जखमा वाईट असतात. आणि उन्हात जपा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. तोंडात चेंडू घट्ट धरलेला कुत्रा नीट धाप टाकू शकत नाही, आणि चेंडू न सोडणारा कुत्रा दमला तरी थांबत नाही. जीभ लांब, रुंद आणि टोकाला वळलेली दिसली की खेळ बंद, सावली आणि पाणी.

फेऱ्या कमी ठेवा. तीन ते पाच मिनिटांचा शिकवणीचा डाव दिवसातून दोन-तीनदा, हा एका तासाच्या डावापेक्षा किती तरी जास्त शिकवतो. मैदानात सात-आठ फेकींत थांबलात तर कुत्रा ऐकण्याच्या अवस्थेत राहतो, त्यापुढे तो नुसता चेंडूचा होतो.

घरात सगळ्यांनी एकच शब्द आणि एकच रीत वापरायची. तुम्ही मांडीला हात लावून थांबता आणि दुसरं कुणी मजा म्हणून त्याच्या मागे धावतं, असं असेल तर कुत्रा दोन्ही शिकेल आणि जे जास्त मजेदार ते निवडेल. तुमच्या घरात चापट सुचवणारी माणसं आहेत, त्यांना आधी दोरीचा धडा प्रत्यक्ष दाखवा. कुत्र्याने स्वतःहून तोंड उघडलेलं पाहिलं की पुढचं समजवावं लागत नाही.

आणि खेळाचा शेवट. सुरुवातीला म्हटलं तसं, शेवट हाच अडचणीचा उगम आहे, म्हणून तो कायम चांगल्या गोष्टीने करा. शेवटचा चेंडू ‘दे’ म्हणून घ्या, आणि लगेच गवतात मूठभर खाऊ विखरून त्याला हुंगत शोधायला लावा. तो नाक खाली घालून गुंतलेला असताना चेंडू पिशवीत जाऊ दे, आणि पट्टा लावायच्या आधी पाच-दहा मिनिटं नुसतं निवांत भटकू द्या. हे काही आठवडे केलंत की पट्टा दिसला म्हणून चेंडू घेऊन पळायचं त्याला कारण राहणार नाही. तीन-चार आठवडे रोज थोडं थोडं करूनही मांडीला हात लावल्यावर तो सोडत नसेल, किंवा मधेच अंग ताठ व्हायला लागलं, तर इथेच पुन्हा लिहा आणि तोंडात खेळणं असताना त्याचं अंग कसं दिसतं ते नीट सांगा. जमल्यास आधी एक छोटा व्हिडिओ काढून स्वतः सावकाश पाहा. त्यात अर्धं उत्तर मिळतं.